सर्जनच्या नावावर हिग्ज बोसॉन! सायटेशनचा आकडा वाचायचा कसा?

आजचा भाग थोडा घरगुती आहे, थोडा फिजिक्सचा आणि थोडा हार्ट सर्जरीचा. ज्यांना लोकलमध्ये, बसमध्ये इअरफोन लावून ऐकणं जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. बोलताना माझ्या तोंडात येणारे 'अ‍ॅक्च्युअली' तेवढे काढून टाकलेत, बाकी जसंच्या तसं.

सुरुवात आमच्या फॅमिली ग्रुपपासून करते.

माझ्या मामांना गेल्या वर्षी जिना चढताना धाप लागायला लागली. वय ५४. इको केल्यावर कळलं की अओर्टिक व्हॉल्व्ह अरुंद झालाय. हृदयातून रक्त बाहेर शरीराकडे निघतं त्या दारातली ही झडप. तिला तीन पाकळ्या असतात, मामांच्या झडपेला जन्मापासून दोनच होत्या. अशा झडपेवर वर्षानुवर्षं कॅल्शियम साठत जातं आणि दार नीट उघडेनासं होतं. डॉक्टर म्हणाले, "व्हॉल्व्ह बदलावा लागेल. ओपन हार्ट. घाबरू नका, पण फार थांबूही नका."

आमच्यासमोर दोन सर्जनची नावं होती. एक जवळच्या शहरातले, आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सुचवलेले. दुसरे मोठ्या शहरातले, कुणाच्या तरी ओळखीतून आलेले. रात्री अकरा वाजता आमच्या दादाने, म्हणजे मावसभावाने, ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला. शास्त्रज्ञांच्या पेपरांची यादी दाखवणाऱ्या एका साइटवर त्याने दुसऱ्या सर्जनचं नाव शोधलं होतं. सायटेशन्स पाच आकडी. एच-इंडेक्स तीन आकडी. खाली दादाचा मेसेज: "विषय संपला. हेच." पहिल्या सर्जनची सायटेशन्स शंभरसुद्धा नव्हती.

ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. फक्त मामीने मला वेगळा मेसेज केला: "तू फिजिक्स केलंयस ना? मला यातलं काही कळत नाही. तू एकदा बघ बाई."

मी प्रोफाइल उघडलं आणि खाली स्क्रोल केलं. पहिला पेपर प्रोटॉन-प्रोटॉनच्या टकरीतून मिळालेल्या हिग्ज बोसॉनवर. दुसरा टॉप क्वार्कवर. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे असेच. बरंच खाली गेल्यावर एकदम बायपासनंतर पायावरच्या टाक्यांत होणाऱ्या इन्फेक्शनचा पेपर. मग परत क्वार्क.

मी मामांना फोन लावला आणि हे वाचून दाखवलं. ते दोन सेकंद गप्प राहिले आणि म्हणाले, "अगं, हा माणूस छाती उघडतो की अणू?"

सायटेशन म्हणजे नेमकं काय?

पायापासून सुरू करू. शास्त्रज्ञ पेपर लिहितो तेव्हा शेवटी आधीच्या कुठल्या कामाचा आधार घेतला त्याची यादी देतो. त्या यादीत तुमचा पेपर आला की तुम्हाला एक सायटेशन मिळालं. बस, एवढंच. त्यात कौतुक असेलच असं नाही. "अमुकाने असं म्हटलंय, ते चूक आहे" असं लिहिलं तरी अमुकाच्या खात्यात एक जमा होतं.

हे मोजायची मोठी यंत्रणा उभी केली अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड यांनी. १९५५ मध्ये त्यांनी कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आला. मूळ हेतू साधा होता. एखादा पेपर हातात आला, तर त्याच्यावर पुढे कोणी कोणी काम केलं हे शोधता यावं. गावातल्या माणसाला "त्यांच्याकडे कोण कोण येऊन गेलं?" असं विचारावं तसं. माणसांना मार्क द्यायला या यादीचा वापर नंतर वाढत गेला.

मग २००५ मध्ये आला एच-इंडेक्स. तो काढणारे जॉर्ज हिर्श स्वतः फिजिक्सवाले, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो कॅम्पसमधले. त्यांची कल्पना क्रिकेटमध्ये सांगते. समजा एका बॅट्समनने २०० इनिंग खेळल्या. त्यातल्या ५० इनिंगमध्ये त्याने प्रत्येकी ५० किंवा जास्त धावा काढल्या, पण ५१ इनिंगमध्ये ५१ जमल्या नाहीत. तर त्याचा एच ५०. इनिंगच्या जागी पेपर घ्या आणि धावांच्या जागी सायटेशन्स, झाला एच-इंडेक्स. एकदाच लॉटरी लागलेल्याला तो फार वर जाऊ देत नाही आणि सतत बरं काम करणाऱ्याला वर नेतो.

पण याच कारणामुळे त्यात एक गोची आहे. लाराने २००४ मध्ये अँटिग्वाला नाबाद ४०० काढल्या. या हिशेबात ती एकच इनिंग. एकाच पेपरने सगळं जग बदलणाऱ्या माणसाला एच-इंडेक्स ओळखत नाही.

दुसरी गोची हिर्शनी पहिल्याच पेपरात स्वतः दाखवली होती. फिजिक्समध्ये त्या वेळी सगळ्यात वर होते एडवर्ड विटन, एच ११०. जीवशास्त्र आणि वैद्यकाच्या बाजूला सॉलोमन स्नायडर, एच १९१. म्हणजे स्नायडर विटनपेक्षा जवळपास दुप्पट हुशार का? नाही. त्या क्षेत्रात माणसं जास्त, पेपर जास्त, संदर्भांच्या याद्या लांब. वन-डे आणि टी-ट्वेंटीचे स्ट्राइक रेट शेजारी ठेवून आपण भांडत नाही, तसंच हे. दोन वेगळ्या क्षेत्रांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवायचे नसतात, आणि आमच्या त्या प्रोफाइलमध्ये तर ते बेरीज होऊन आले होते.

एक नाव, दोन माणसं

झालं काय होतं ते उलगडायला मला पाऊण तास लागला. एका नावाची दोन माणसं होती. आडनाव तेच, पहिल्या नावाचं आद्याक्षर तेच. एक सर्जन, दुसरे फिजिक्सवाले. साइटच्या यंत्रणेने दोघांचे पेपर एका खात्यात टाकले होते. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. पेपरांवर नाव येतं ते बरेचदा आद्याक्षर आणि आडनाव एवढंच, आणि यंत्राला तेवढंच दिसतं.

आपल्याकडे हे होणं फार सोपं आहे. 'आर. कुलकर्णी' आणि 'एस. पाटील' किती असतील विचार करा. त्यात आपण कधी वडिलांचं नाव मध्ये लिहितो, कधी नाही. लग्नाआधीचे पेपर देशपांडे नावावर आणि नंतरचे कुलकर्णी नावावर, असं झालं की उलटाच प्रकार होतो: एका बाईचं काम दोन माणसांत वाटलं जातं आणि दोन्हीकडे ती छोटी दिसते.

यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये ऑर्किड नावाची सोय सुरू झाली. प्रत्येक संशोधकाला १६ अंकी क्रमांक, फुकट. आधार कार्डासारखं समजा. नाव बदला, कॉलेज बदला, क्रमांक तोच. तुमच्यापैकी कोणी एम.एस्सी., पीएच.डी. करत असेल तर पहिला पेपर पाठवायच्या आधी तो काढून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि नावामागे माणूसच असतो असंही नाही बरं का! १९७५ मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्स या मानाच्या जर्नलमध्ये हीलियमवर एक पेपर आला. लेखक दोन: जॅक हेदरिंग्टन आणि एफ. डी. सी. विलार्ड. हेदरिंग्टननी पेपर एकट्याने लिहिला होता, पण सगळीकडे 'आम्ही' म्हटलं होतं. एकच लेखक असेल तर 'आम्ही' चालणार नाही असं त्यांना कोणीतरी सांगितलं. टाइपरायटरचा जमाना. अख्खा पेपर पुन्हा टाइप करण्यापेक्षा त्यांनी दुसरा लेखक जोडला. विलार्ड म्हणजे त्यांचं सयामी मांजर, चेस्टर. त्या मांजराच्या नावावर आजही सायटेशन्स आहेत.

पाच हजार सह्यांचा पेपर

आता फिजिक्सच्या त्या दुसऱ्या माणसाचे आकडे एवढे मोठे का होते ते बघू. त्यांनीही काही लबाडी केली नव्हती.

जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये २७ किलोमीटरच्या बोगद्यात प्रोटॉनची टक्कर घडवतात. तिथले अ‍ॅटलस आणि सीएमएस हे प्रयोग एवढे अवाढव्य आहेत की हजारो लोकांशिवाय चालत नाहीत. कोणी चुंबक सांभाळतं, कोणी डिटेक्टर, कोणी सॉफ्टवेअर. मुंबईच्या टीआयएफआरमधली मंडळीही सीएमएसमध्ये आहेत. प्रयोगाचा पेपर निघाला की या सगळ्यांची नावं त्यावर, आद्याक्षरांच्या क्रमाने. २०१५ मध्ये दोन्ही प्रयोगांनी मिळून हिग्ज बोसॉनचं वस्तुमान सांगणारा पेपर काढला, त्यावर ५,१५४ लेखक होते. पेपर ३३ पानांचा, त्यात विज्ञान आणि संदर्भ मिळून ९ पानं. उरलेली २४ पानं नावांची आणि संस्थांची!

हे चूक आहे असं मी म्हणत नाही. एवढं मोठं काम एकट्याचं नसतंच. पण अशा प्रयोगात दहा-बारा वर्षं असलेल्या माणसाच्या नावावर शेकडो पेपर आपोआप जमतात. त्या आकड्यावरून त्या एका माणसाने काय केलं हे कळत नाही. गणपती मंडळाच्या पावतीपुस्तकावर सगळ्या कार्यकर्त्यांची नावं असतात, पण रात्री जागून देखावा कोणी बांधला ते गल्लीतल्यांनाच माहीत असतं.

सर्जरीत रीत वेगळी. तिथे पेपरवर सहसा पाच-दहा नावं असतात आणि क्रमाला अर्थ असतो. पहिलं नाव ज्याने सगळ्यात जास्त राबून लिहिलं त्याचं, शेवटचं बहुतेक वेळा विभागातल्या ज्येष्ठाचं. म्हणजे तीच 'लेखक' ही पदवी, दोन घरांत दोन वेगळे अर्थ.

आकडा लहान, काम मोठं

ज्यांच्या नावाने हिग्ज बोसॉन ओळखला जातो त्या पीटर हिग्ज यांचं स्वतःचं रेकॉर्ड बघा. १९६४ मध्ये त्यांनी दोन छोटे पेपर लिहिले. दुसरा एका जर्नलने परत पाठवला. त्यांनी त्यात थोडी भर घातली आणि दुसरीकडे पाठवला. त्या भरीतच नव्या कणाचा उल्लेख होता. त्यानंतर आयुष्यभरात त्यांनी दहासुद्धा पेपर लिहिले नाहीत. २०१२ मध्ये सर्नमध्ये कण सापडला, २०१३ मध्ये नोबेल मिळालं. त्या वेळी ते एका मुलाखतीत म्हणाले की आजच्या काळात मला कोणी विद्यापीठात नोकरी दिली नसती, मी पुरेसा 'उत्पादक' ठरलो नसतो. त्यांच्या कणाच्या वजनावर पाच हजार सह्या, आणि तो कण सुचवणाऱ्या पेपरवर एक.

आता हार्ट सर्जरीकडे या. १९३१ मध्ये बॉस्टनमध्ये जॉन गिबन नावाचे तरुण डॉक्टर एका बाईच्या उशाशी रात्रभर बसून होते. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती बाई वाचली नाही. गिबनच्या डोक्यात बसलं की काही वेळापुरतं रक्त शरीराबाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून परत आत सोडता आलं तर? पुढची जवळजवळ २२ वर्षं ते त्या यंत्राच्या मागे होते. बायको मेरी प्रयोगशाळेत बरोबरीने राबत होती, पुढे आयबीएमचे इंजिनीअर मदतीला आले. ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात त्यांनी १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं भोक बुजवलं. त्यात २६ मिनिटं तिचं हृदय आणि फुफ्फुस यांचं पूर्ण काम ते यंत्र करत होतं. ती मुलगी वाचली आणि पुढे कितीतरी वर्षं जगली.

हे काम छापून कुठे आलं माहितीये? १९५४ मध्ये 'मिनेसोटा मेडिसिन' या एका राज्यापुरत्या जर्नलमध्ये. त्यांचे बाकीचे पेशंट वाचले नाहीत, म्हणून गिबननी ही ऑपरेशन्स थांबवली. पुढे दुसऱ्यांनी यंत्र सुधारलं. जर्नलचं नाव बघून पेपर तोलणाऱ्या आजच्या एखाद्या समितीने त्याला किती गुण दिले असते सांगा बरं! आणि माझ्या मामांचं हृदय थांबवून व्हॉल्व्ह बदलायचा तर त्याच यंत्राची पुढची आवृत्ती लागणार होती.

आकडा मोठा, आत पोकळ

आता उलटी बाजू. हीसुद्धा दोन्ही क्षेत्रांत आहे आणि दोन्हीकडे पकडली गेली ती पद्धत जवळजवळ सारखी आहे.

फिजिक्समध्ये यान हेंड्रिक श्योन. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला तरुण. २००१ मध्ये त्याचा सरासरी दर आठ दिवसांनी एक पेपर येत होता, तोही नेचर आणि सायन्ससारख्या जर्नलमध्ये. नोबेलची चर्चा सुरू झाली होती. मग काही लोकांनी त्याचे आलेख शेजारी ठेवून पाहिले. प्रयोगात आलेखाच्या रेषेवर थोडी थरथर असतेच, तिला नॉइज म्हणतात, आणि ती दर वेळी वेगळी असते. श्योनच्या वेगवेगळ्या प्रयोगांत थरथरसुद्धा हुबेहूब तीच होती. २००२ मध्ये चौकशी समितीने २४ पैकी १६ आरोप खरे धरले. नोकरी गेली, पेपर मागे घेतले गेले.

हार्ट सर्जरीच्या बाजूला योआखिम बोल्ट. जर्मनीतले भूलतज्ज्ञ, शेकडो पेपर नावावर. ऑपरेशनच्या वेळी पेशंटला स्टार्चपासून बनवलेलं एक द्रावण शिरेतून द्यावं की नाही, यावर त्यांचा शब्द मोठा होता. २००९ मध्ये हार्ट-लंग मशीनमध्ये हे द्रावण वापरण्यावर त्यांचा एक पेपर आला. वाचकांनी संपादकांना कळवलं की हे आकडे फारच नीटनेटके आहेत. खऱ्या पेशंटची मापं एवढी एकसारखी येत नाहीत. चौकशी झाली, पेपर मागे घेतला गेला. २०११ मध्ये संपादकांनी मिळून जवळपास ९० पेपर मागे घेतले आणि पुढे हा आकडा २०० च्या वर गेला.

श्योनच्या लबाडीत वेळ आणि पैसा गेला. बोल्टच्या बाबतीत खाटेवर माणसं होती. २०१३ मध्ये जामा या जर्नलमध्ये संशोधकांनी अतिगंभीर आजारी पेशंटवरचे सगळे अभ्यास एकत्र केले. बोल्ट यांचे अभ्यास बाजूला काढल्यावर चित्र बदललं: त्या द्रावणाबरोबर मृत्यूचं आणि किडनी निकामी होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. एवढी वर्षं त्यांच्या पेपरांच्या गर्दीत ते झाकलं गेलं होतं.

बघा, दोघांचाही सायटेशनचा आकडा झकास होता. त्यांना पकडलं ते पेपर उघडून आतली थरथर पाहणाऱ्यांनी.

खरंच दोन्हीकडे असलेली माणसं

मग फिजिक्स आणि हार्ट सर्जरी अशा दोन्ही ठिकाणी दिसणारं प्रोफाइल नेहमी खोटंच असतं का? तसंही नाही. हृदय शेवटी पंप आहे, आणि पंपाला फिजिक्स लागतंच.

चार्ल्स पेस्किन हे गणितज्ञ. १९७२ मध्ये त्यांनी हृदयाच्या झडपेभोवती रक्त कसं वाहतं हे कॉम्प्युटरवर सोडवायची रीत काढली. पेपर छापून आला जर्नल ऑफ कॉम्प्युटेशनल फिजिक्समध्ये. मऊ, हलणारी पाकळी आणि भोवती वाहणारं द्रव, असा तो प्रश्न. पुढे लोकांच्या लक्षात आलं की मासा पोहतो किंवा किडा पंख हलवतो तेव्हाही गणित हेच आहे. त्यामुळे या पेपराचा आधार घेणाऱ्यांत कितीतरी जण असे आहेत ज्यांचा हृदयाशी काही संबंध नाही. इथे सायटेशन खूप काही सांगतं, पण कोणी, कशासाठी उल्लेख केला ते वाचलं तरच.

आणि आपल्या देशातलं उदाहरण. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत एम. एस. वलियाथन हे हार्ट सर्जन होते. परदेशी व्हॉल्व्ह आपल्या पेशंटला परवडत नव्हता. त्यांनी इंजिनीअर आणि धातू-प्लास्टिकच्या जाणकारांना बरोबर घेऊन देशी व्हॉल्व्ह बनवायला घेतला. तीन नमुने नापास झाले. चौथा चालला: कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट, त्यात खास पॉलिथिलीनची कलणारी चकती. डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा माणसाला बसवला आणि तेव्हापासून एक लाखाहून जास्त बसवले गेलेत. फसलेल्या तीन नमुन्यांची वर्षं सायटेशनमध्ये कुठे दिसणार? आणि ज्यांच्या छातीत तो व्हॉल्व्ह आहे ते पेपर लिहीत नाहीत.

खुद्द हिर्शनीही २०२० मध्ये लिहिलं की आपला एच-इंडेक्स कधीकधी सपशेल फसतो आणि त्याचे वाईट परिणाम झालेत.

मग मामांचं काय झालं?

मी ग्रुपवर लिहिलं की हे प्रोफाइल दोन माणसांचं आहे. दादा आधी चिडला. "तुला सगळ्यातच खोट दिसते." मग म्हणाला, "बरं, फिजिक्सचं काढून टाक. उरलेल्याची तुलना करू." मी विचारलं, "दादा, समजा पाचशे उरली. टाक्यांच्या इन्फेक्शनवरच्या पाचशे सायटेशन्सवरून मामांच्या व्हॉल्व्हबद्दल काय कळणार?" त्यावर तो काही बोलला नाही. खरं सांगायचं तर तो मामांसाठीच धडपडत होता, आणि हातात फोन असला की माणूस फोनमध्येच उत्तर शोधतो. मीही तेच केलं असतं.

न्यू यॉर्क राज्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बायपासनंतर किती पेशंट दगावले ते हॉस्पिटलनुसार आणि सर्जननुसार जाहीर होऊ लागलं. पेशंट किती गंभीर होते हेही त्यात धरतात, कारण अवघड केस घेणाऱ्याचे मृत्यू जास्त दिसणारच. तरी टीका झाली की काही सर्जन आकडा चांगला राहावा म्हणून अवघड पेशंट टाळतात. म्हणजे तोही आकडा आंधळेपणाने वाचायचा नाही. पण निदान तो ऑपरेशनबद्दल आहे. आपल्याकडे असं पुस्तक उघडून बघायची सोय नाही, म्हणून आपणच विचारायचं. आम्ही कागदावर पाच प्रश्न लिहिले:

१. हेच ऑपरेशन तुम्ही स्वतः वर्षाला किती करता?
२. गेल्या वर्षी त्यातले किती पेशंट दगावले, किती जणांना पॅरालिसिस किंवा मोठं इन्फेक्शन झालं?
३. मामांना शुगर आहे, त्याने धोका किती वाढतो?
४. धातूचा व्हॉल्व्ह की प्राण्याच्या ऊतीचा, आणि का?
५. रात्री दोन वाजता काही झालं तर आयसीयूत कोण असतं?

मामी आणि दादा दोघांकडे जाऊन आले. मोठ्या शहरातले सर्जन भला माणूस. हिग्ज बोसॉनचं ऐकून ते हसले, त्यांना त्या प्रोफाइलचा पत्ताच नव्हता. म्हणाले, "मी मुख्यतः बायपास करतो. व्हॉल्व्ह आमच्याकडे दुसरे सर्जन बघतात." हे त्यांनी सरळ सांगितलं याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. जवळच्या शहरातल्या सर्जननी ड्रॉवरमधून वही काढली आणि व्हॉल्व्हचे आकडे वाचून दाखवले, दगावलेल्यांसकट. शिवाय एक गोष्ट सांगितली जी आमच्या डोक्यातच नव्हती: धातूचा व्हॉल्व्ह बसवला की रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि आयएनआर नावाची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. म्हणजे नातं ऑपरेशनपुरतं नसतं. मामांना एसटीने तासाभरात पोचता येईल असं ठिकाण बरं.

निर्णय मामांनी घेतला. जवळचे सर्जन. त्यात धोका नव्हता असं नाही. त्या दिवशी आम्ही सगळे सहा तास बाकावर बसून होतो आणि कुणाच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता.

आता मामा बरे आहेत. जिना चढतात, फक्त मध्ये एकदा थांबून खाली बघतात. रात्री खोलीत शांतता झाली की त्यांच्या व्हॉल्व्हची टिकटिक ऐकू येते. मामी म्हणते, सुरुवातीला झोप लागायची नाही, आता ऐकू आली नाही तरच जाग येते.

ते प्रोफाइल दुरुस्त करा म्हणून मी साइटला कळवलंय. परवा पाहिलं तेव्हा सर्जनच्या नावावर अजून तीन क्वार्क शिल्लक होते.

चला, आज इथेच थांबते. कोणाच्या नावापुढे मोठा आकडा दिसला तर एकदा त्यावर टॅप करून आत काय आहे ते नक्की बघा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.